लेणे कोणाचे म्हणावे?



लोकसाहित्याचा अभ्यास करताना आपल्याला ‘स्थानिक आख्यायिकांचे संकलन’ असा एक उपक्रम करावा लागतो. येलदरी आणि जिंतूर परिसरातील विद्यार्थ्याला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. धरणाच्या भिंतीवरून पूर्णेच्या खोऱ्याकडे पाहत गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला प्रश्न केला, तर तो औंढ्याचे नागनाथाचे देऊळ धर्मराजाने वनवासात बांधले असे सांगेल. कुठली जुनी भिंत हेमाडपंताची आणि कुठला पाण्याचा डोह भीमाच्या लाथेने पडलेला, हेही त्याच दमात सांगेल. हे सारे वहीत उतरून घ्यावे, त्याच्याच शब्दांत घ्यावे. अडचण पुढे येते. उपक्रमाच्या अहवालात ‘सदर मंदिर पांडवकालीन आहे’ असे वाक्य येते, आणि वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडी जी कथा होती ती आपल्या लेखणीत इतिहास होऊन बसते. या एका वाक्याविषयी मला काही सांगायचे आहे.

जमिनीतून किंवा डोंगरातून समोर आलेल्या वस्तूला महाकाव्यातल्या माणसाचे नाव देण्याची ओढ केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. या ओढीचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण ग्रीकांच्या पुराणकथांशी निगडित आहे. हाइनरिश श्लीमान या जर्मन व्यापाऱ्याने होमरच्या ‘इलियड’वर अक्षरशः विश्वास ठेवला आणि तुर्कस्तानातील हिसार्लिक या टेकाडावर १८७१ पासून खणायला सुरुवात केली. ट्रॉय नगर तिथेच असावे, हा अंदाज त्याच्या आधी फ्रँक कॅल्व्हर्ट याने बांधला होता. कीर्ती मात्र श्लीमानला मिळाली. १८७३ मध्ये त्याला सोन्याचांदीचा मोठा ठेवा सापडला. त्याने तो ट्रॉयचा राजा प्रायम याचा खजिना असल्याचे जाहीर केले. पुढे थरांचा हिशेब नीट लागला तेव्हा कळले, की हा ठेवा ज्या थरात होता तो ट्रोजन युद्धाच्या मानलेल्या काळाहून सुमारे हजार वर्षे जुना आहे. म्हणजे प्रायम नावाचा राजा खरोखर झाला असला, तरी हे दागिने त्याच्या खापरपणजीनेही पाहिले नसते. याहून वाईट गोष्ट अशी, की ‘खरे’ ट्रॉय सर्वांत खाली असणार या समजुतीने श्लीमानने टेकाडातून जो रुंद चर खणला, त्यात वरचे थर उद्ध्वस्त झाले. ज्या काळाचा तो शोध घेत होता, त्याच काळाचे अवशेष त्याच्या मजुरांच्या कुदळीखाली गेले.

१८७६ मध्ये मायसीनी येथे त्याला खोल थडगी सापडली. मृतांच्या चेहऱ्यांवर सोन्याचे मुखवटे होते. त्यांतल्या एकाला आजही जग ‘अ‍ॅगमेम्नॉनचा मुखवटा’ म्हणते. अ‍ॅगमेम्नॉनचा चेहरा आपण पाहिला, अशा अर्थाचे जे प्रसिद्ध वाक्य श्लीमानच्या नावावर खपते ते त्याने उच्चारल्याचा पुरावा नाही. म्हणजे दंतकथा शोधायला निघालेल्या माणसाभोवती स्वतःच एक दंतकथा तयार झाली. मुखवटा ट्रोजन युद्धाच्या मानलेल्या काळाच्या तीनएकशे वर्षे आधीचा आहे. तो कोणाचा, हे ठाऊक नाही. पण संग्रहालयात येणाऱ्या माणसाला ‘अज्ञात पुरुष’ नको असतो.

क्रीट बेटावरची गोष्ट आणखी पुढे गेली. तिथे नॉसॉस येथे पहिले खोदकाम १८७८ मध्ये करणाऱ्या स्थानिक गृहस्थाचे नावच मिनॉस कालोकायरिनॉस असे होते. १९०० पासून आर्थर इव्हान्स याने तिथे विस्तृत उत्खनन केले, आणि पुराणकथेतल्या मिनॉस राजाच्या नावावरून त्या संपूर्ण संस्कृतीला ‘मिनोअन’ हे नाव दिले. ते आज सर्व ग्रंथांत रूढ आहे. तिथले लोक स्वतःला काय म्हणत होते? त्यांची लिपी अद्याप वाचता आलेली नाही, त्यामुळे सांगता येत नाही. एका अख्ख्या समाजाला परक्या भाषेतल्या एका गोष्टीतल्या राजाचे आडनाव लागले आहे आणि ते पुसण्याचा मार्ग आज तरी दिसत नाही.

आता आपल्या घराकडे वळू.

नाशिकजवळच्या डोंगरातल्या चोवीस लेण्यांना आपण ‘पांडवलेणी’ म्हणतो. ही बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली लेणी आहेत, आणि ती कोणी खोदवली हे त्यांच्याच भिंतींवर लिहिलेले आहे. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. त्या लेखांत डोंगराचे नावही येते: तिरण्हु, म्हणजे संस्कृतातला त्रिरश्मी. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री ही सातवाहन राजमाता आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुणवर्णन करते. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आपली दाने मोजून सांगतो. त्याची पत्नी दक्षमित्रा हिच्या दानाचाही तिथे लेख आहे. सतरावे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या माणसाने दिले. तो उत्तरेकडच्या दत्तामित्री या गावचा होता आणि लेख त्याला ‘योनक’ म्हणतो. योनक म्हणजे यवन, ग्रीक. गंमत पाहा: ज्या डोंगरावर खरोखरीच्या ग्रीक वंशाच्या माणसाने आपले नाव कोरून ठेवले आहे, त्या डोंगराला आपण आपल्या महाकाव्यातल्या पाच भावांचे नाव दिले.

मला सर्वांत जास्त बोलते ते आठवे लेणे. त्याचा दाता मुगूदास. लेखात त्याची ओळख ‘दासक’ अशी आहे, म्हणजे कोळी, मासेमारी करणारा. त्याने आपल्या परिवारासह हे लेणे दान दिल्याचा उल्लेख आहे. राजे, राजमाता, क्षत्रपांचे जावई यांच्या ओळीत एक कोळी उभा आहे. त्याच्याकडे पैसा कसा आला, गोदावरीवर त्याची किती जाळी असतील, दान देताना घरात काय बोलणे झाले असेल, यांतले लेख काहीच सांगत नाही. तो एवढेच सांगतो, की हा माणूस होता, आणि हे त्याने दिले. येलदरीच्या जलाशयावर पहाटे जाळी ओढणाऱ्यांना ही गोष्ट कोणी सांगितली आहे का? त्यांना सांगितले जाते ते असे, की ती लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली.

इथे कोणी म्हणेल, की लोकांनी काही खोटे केले नाही. त्यांना ती लिपी वाचताच येत नव्हती. हे खरे आहे. ब्राह्मी लिपीचे वाचन मधल्या काळात पार विस्मरणात गेले होते. जेम्स प्रिन्सेप याने १८३७ च्या सुमारास तिचा उलगडा केला तोवर पंडितांनाही ते लेख म्हणजे रेघोट्याच होत्या. अक्षर मुके झाले की माणूस आपल्या ओळखीतले सर्वांत थोर नाव शोधतो. माणसाच्या आवाक्याबाहेरचे काम दिसले, की ते करणारे हातही त्याला तसेच बलवान लागतात. भीमाचे हात त्याला तिथे सापडले, यात नवल नाही. ग्रीकांनीही असेच केले. मायसीनीच्या प्रचंड शिळांच्या तटबंदीकडे पाहून नंतरच्या ग्रीकांना ती सायक्लोप्स नावाच्या एकाक्ष राक्षसांनी रचली असावी असे वाटले, आणि तशा बांधणीला आजही तेच नाव आहे.

पण प्रिन्सेपला जाऊन आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. लिपी वाचता येऊ लागल्यानंतरही आपण मुगूदासाचे लेणे पांडवांकडेच राहू देतो, तेव्हा ते अज्ञान राहत नाही. ती निवड होते. आणि या निवडीत नेहमी एकाच बाजूचे नुकसान होते. कोळ्याचे नाव जाते, यवनाचे जाते, दान देणाऱ्या बायकांचे जाते. राजपुत्रांच्या यादीत मात्र आणखी एका वास्तूची भर पडते.

‘हेमाडपंती’ या शब्दाचीही तपासणी करायला हवी. तो तर आपल्या पाठ्यपुस्तकांतही सर्रास येतो. हेमाद्री हा पौराणिक पुरुष नव्हे. देवगिरीच्या यादवांपैकी महादेव आणि रामचंद्र यांच्या कारकिर्दीत, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तो श्रीकरणाधिप होता. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्रावरचा अवाढव्य ग्रंथ त्याच्या नावे आहे. पण लोकमानसाने या कारभारी पंडिताला जवळजवळ पुराणपुरुष केले. मोडी लिपी त्याने लंकेहून आणली म्हणतात, आणि चुन्याशिवाय दगडावर दगड रचून केलेले प्रत्येक देऊळ त्याच्या खात्यावर जमा होते. अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. शिलाहारांच्या काळातले हे देऊळ हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधी उभे होते. तरी त्याला हेमाडपंती म्हणणारे पुष्कळ भेटतात. बांधणीच्या पद्धतीला दिलेले एक सोयीचे नाव म्हणून हा शब्द वापरायला माझी हरकत नाही. ‘हे देऊळ हेमाडपंताने बांधले’ या वाक्याला आहे. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याच्या देवळांसमोर उभे राहाल तेव्हा हा फरक ध्यानात ठेवा.

औंढ्याच्या देवळाबाबतही तसेच. खालचा कोरीव काळ्या दगडाचा भाग यादवकालीन शैलीचा आहे, आणि वरचा भाग निराळ्या बांधणीचा व नंतरचा, हे शिल्पशास्त्र न शिकलेल्या डोळ्यांनाही दिसते. एकाच इमारतीत दोन काळ एकमेकांवर बसलेले आहेत. ‘धर्मराजाने बांधले’ असे म्हटले, की हे दोन्ही काळ पुसले जातात आणि मधली मोडतोड, मधली डागडुजी, त्यासाठी ज्यांनी वर्गणी काढली असेल ते, ज्यांनी दगड वाहिले असतील ते, सर्वच नाहीसे होतात.

महाभारताची सत्यता उत्खननाने सिद्ध करण्याचा प्रयत्न आपल्याकडे गांभीर्यानेही झाला आहे. ब्रजबासी लाल यांनी १९५० ते १९५२ या काळात हस्तिनापूर येथे उत्खनन केले. तिथे रंगवलेल्या राखी मृद्‌भांड्यांचा थर मिळाला आणि गंगेच्या पुराच्या खुणा मिळाल्या. पुरामुळे हस्तिनापूर सोडून राजधानी हलवावी लागली असे पुराणांत आहे. लाल यांनी या दोन्हींचा संबंध जोडला. पुराची खूण महत्त्वाची आहे, यात वाद नाही. पण त्या थरातली घरे कुडामातीची होती. मयसभा नव्हती, महाल नव्हते. मग दोन वाटा उरतात. एकतर कवींनी लहान वस्तीला महानगर केले असे म्हणावे. किंवा थर आणि काव्य यांना एकमेकांची साक्ष देण्याच्या कामातून मोकळे करावे. मला दुसरी वाट अधिक सरळ वाटते.

याचे कारण साहित्याच्या विद्यार्थ्याला लवकर पटावे. महाभारत हेच मुळी एक टेकाड आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी निरनिराळ्या लिप्यांतली हजारांहून अधिक हस्तलिखिते ताडून कोणता श्लोक कोणत्या परंपरेत आहे, कोणता नंतर शिरला, हे ओळीओळीने वेगळे केले. उत्खनक जसा थर सोलतो तसाच हा उद्योग. ज्या ग्रंथाचे स्वतःचे इतके थर आहेत, त्यातल्या कोणत्या थराला जमिनीतल्या कोणत्या थराशी जुळवायचे? इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये याच चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन कुंती, गांधारी, कर्ण यांच्याविषयी लिहिले. त्यासाठी त्यांना गांधारीची बांगडी सापडावी लागली नाही. त्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या, दख्खन कॉलेजात पुरातत्त्वज्ञांच्या शेजारीच काम करत होत्या, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याच दख्खन कॉलेजाने १९६८ पासून पुढची बरीच वर्षे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे उत्खनन केले. तिथल्या कोणत्याही माणसाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. एकाही पुराणपुरुषाशी त्या गावाचा संबंध जोडता येत नाही. आणि तरीही तीन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्राविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग या निनावी गावाने दिला आहे. ते लोक जव पिकवत, गुरे पाळत. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले आढळले. लहान मूल गेले तर त्याला दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत ठेवत, आणि ते घराबाहेर नेण्याऐवजी राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. एवढ्यावर थोडे थांबा. ज्या जमिनीवर आई दळते, निजते, त्याच जमिनीखाली तिचे मूल आहे. इथे कोणी पौराणिक नाव चिकटवले असते, तर आपण त्या नावाकडे पाहिले असते आणि त्या रांजणांकडे पाहायचे राहून गेले असते.

दंतकथेच्या बाजूने बोलायचे तर पुष्कळ आहे, आणि ते मी टाळणार नाही. होमर वाचला नसता तर श्लीमान हिसार्लिकला गेलाच नसता, आणि ते टेकाड कदाचित मेंढ्यांसाठीच राहिले असते. आपल्याकडे किती लेणी आणि किती शिळा केवळ ‘पांडवांच्या’ म्हणून फोडल्या गेल्या नाहीत, याचा हिशेब मांडता येणार नाही, पण तो लहान नसावा. खडी-यंत्राच्या मालकाला पुरातत्त्वाचा कायदा आवरत नाही तिथे भीमाची भीती आवरते. शिवाय आख्यायिका ही स्वतःच एक निर्मिती आहे. पूर्णाकाठच्या माणसाला धर्मराज आपल्या रानात येऊन गेला असे वाटावे, त्याने हस्तिनापूरच्या राजाला मराठवाड्याच्या उन्हात दगड वाहायला लावावे, यात त्या माणसाची स्वतःच्या भूमीविषयीची एक मोठी इच्छा आहे. ती अभ्यासण्याजोगी आहे. नव्हे, आपल्या विषयाचा तो गाभाच आहे. माझे म्हणणे इतकेच, की ती इच्छा इच्छा म्हणून नोंदवा. सांगणारा कोण, कोणत्या गावचा, त्याने कोणाकडून ऐकली, कोणत्या शब्दांत सांगितली, हे लिहा. देवळाचा काळ स्वतंत्र परिच्छेदात लिहा. दोन्ही एका वाक्यात कोंबू नका.

परके देव आपल्या मातीत निघाले, की आपल्याला ही शिस्त आपोआप सुचते, हेही पाहण्यासारखे आहे. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात काशाच्या वस्तू मिळाल्या. त्यांत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची एक लहानशी सुबक मूर्ती होती. ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. ग्रीक कथेप्रमाणे ट्रॉयचा तट याच पोसायडनने बांधून दिला होता. पण पंचगंगेच्या काठी त्याने घाट बांधला असे कोणी म्हटले नाही. सर्वांनी योग्य प्रश्न विचारले: ही मूर्ती कोठे घडली, कोणत्या बंदरातून चढून आली, कोणत्या व्यापाऱ्याने विकत घेतली, आणि इथे तिची पूजा झाली की ती नुसती शोभेची वस्तू होती? सातवाहनकालीन महाराष्ट्राचा रोमन साम्राज्याशी किती दाट व्यापार होता, हे अशा प्रश्नांतून उलगडले. पोसायडनला आपण जे विचारले ते भीमाला विचारायला संकोच का वाटावा?

येलदरीच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पुस्तकी राहीलच असे नाही. गेल्या शतकाच्या साठच्या दशकात पूर्णेवर हे धरण उभे राहिले आणि नदीकाठची जमीन पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरते, काठ उघडा पडतो, आणि लाटांनी धुतलेल्या मातीत खापराचा तुकडा, घडीव दगड, कधी नाणे दिसणे अशक्य नाही. दिसले तर ते उचलून घरच्या देव्हाऱ्यात ठेवू नका, आणि धुऊन-घासून चकचकीतही करू नका. जिथे आहे तिथेच त्याचे छायाचित्र काढा, शेजारी मापासाठी पेन किंवा पट्टी ठेवा, जवळचे ठळक झाड किंवा खांब टिपून ठेवा. जमिनीत दडलेला आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. तहसील कार्यालयातून ती पुढे पाठवता येते. तोवर काठावर माणसे जमतील, आणि त्यांतले कोणी तरी, बहुधा पहिल्या दहा मिनिटांत, ते कोणाचे आहे हे ठामपणे सांगेल. ते नावही लिहून घ्या. वहीच्या वेगळ्या पानावर.